एफएल सोडून प्रोटूल्स घेतलं तर मिक्स सुधारेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे घरच्या स्टुडिओत एफएल स्टुडिओवर (थोडक्यात एफएल, संगणकावर गाणं रचायचं, रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर) अभंग, भावगीतं आणि अधूनमधून जिंगल करतात. बाहेरच्या एका स्टुडिओत मिक्सला गेल्यावर त्यांना ऐकवण्यात आलं, की एफएलचा आवाज दबलेला येतो, प्रोटूल्समध्ये तेच गाणं मोकळं वाटतं. प्रोटूल्स हे त्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर. एक मित्र म्हणतो त्याच जातीचं लॉजिक घे, दुसरा म्हणतो रीपर. तर आवाजाचा दर्जा आणि कामाची सोय या दोन्हींत सरस कोण? आणि स्टुडिओ प्रोटूल्सचं सेशन, म्हणजे त्या सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल, मागतो, त्याचं काय करायचं?

आधी उत्तर सांगतो. ट्रॅक एकमेकांत मिसळण्याचं जे मूळ काम आहे त्यात एफएल, प्रोटूल्स, लॉजिक, क्यूबेस, रीपर, एबलटन लाइव्ह यांच्यात कानाला कळेल असा फरक नाही. पण स्टुडिओवाल्याने थाप मारली असंही मी म्हणणार नाही. फरक त्याला खरंच ऐकू आला असेल. तो कुठून आला एवढं मात्र त्याने तपासलं नाही, आणि तो येण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

संगणकाच्या लेखी मिक्सिंग म्हणजे गुणाकार आणि बेरीज. फेडर, म्हणजे ट्रॅकची पातळी ठरवणारी पट्टी, खाली ओढला की प्रत्येक सॅम्पलला (आवाजाच्या सूक्ष्म मोजमापाला) एका आकड्याने गुणायचं, मग सगळ्या ट्रॅकची बेरीज करायची. हे ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे दशांशचिन्ह सरकतं असलेल्या आकड्यांत, केलं तर आकडा तोडताना होणारी चूक मूळ सिग्नलच्या साधारण १४४ डेसिबल खाली राहते. रीपर बेरीज ६४ बिटमध्ये करतं, क्यूबेसमध्ये ९.५ पासून आणि लॉजिकमध्ये १०.३ पासून तो पर्याय आला, दोन्ही २०१७ सालच्या आवृत्त्या. जाहिरातीत हा आकडा भारदस्त दिसतो. पण घरच्या खोलीत पंखा बंद करून, खिडक्या लावून कंडेन्सर माइकवर गाणं घेतलं, तरी खोलीचा स्वतःचा आवाज −६० डेसिबलच्या आसपास रेंगाळत असतो. त्याच्याही खाली ८० डेसिबलवर काय चाललंय याची चिंता करण्यात अर्थ नाही.

‘प्रोटूल्सचा आवाज वेगळा’ ही समजूत अगदीच हवेतून आलेली नाही. जुन्या प्रोटूल्स टीडीएम यंत्रणेत संगणकाऐवजी वेगळ्या कार्डांवरच्या चिप काम करायच्या, आणि तिथे फ्लोट नव्हतं. एका प्लगइनमधून (कॉम्प्रेसर, रिव्हर्बसारख्या जोड प्रोग्राममधून) दुसऱ्यात सिग्नल २४ बिट फिक्स्ड आकड्यांत जायचा, बेरीज ४८ बिटमध्ये व्हायची, आणि मिक्सरचेही दोन प्रकार होते, डिदरवाला (आकडा तोडताना मुद्दाम हलकी खरखर मिसळणारा) आणि बिनडिदरवाला. प्लगइनच्या दारात पातळी वर गेली की तिथेच क्लिप, म्हणजे आवाज फाटला. फ्लोटमध्ये मधल्या टप्प्यावर शून्याच्या, म्हणजे कमाल मर्यादेच्या, वर गेलेला सिग्नल पुढे फेडर खाली घेऊन वाचवता येतो. तिथे वाचत नसे. त्यामुळे त्या काळात ‘यात वेगळं ऐकू येतं’ म्हणणारा इंजिनिअर नेहमीच चूक नव्हता. पण २०११ मध्ये एचडीएक्स कार्डं आली आणि तिथेही फ्लोट आलं. २०१३ च्या प्रोटूल्स ११ मध्ये इंजिनच नवं आलं. कारण गेलं, समजूत मात्र उस्तादाकडून शागिर्दाकडे चालत आली.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा. याला नल टेस्ट म्हणतात. कुठल्याही गाण्याचे सात-आठ ट्रॅक घ्या, सगळे ऑडिओ, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एकही प्लगइन लावू नका, सगळे फेडर शून्यावर, पॅन (आवाज डावी-उजवीकडे नेणारा खटका) मध्यावर. दोन सॉफ्टवेअरमध्ये तेच ट्रॅक अगदी शून्य सेकंदापासून लावा आणि ३२ बिट फ्लोटमध्ये एक्स्पोर्ट करा. मग त्या दोन फाइली तिसऱ्या रिकाम्या प्रोजेक्टमध्ये एकाखाली एक ठेवा आणि एकीची पोलॅरिटी उलटी करा, म्हणजे तिचा तरंग वरचा खाली होईल. फाइली सारख्या असतील तर बेरीज शून्य, म्हणजे शांतता. मीटरवर काही हललंच तर ते −१४० च्या आसपास.

शांतता झाली नाही तर घाईने निकाल देऊ नका, कारण ही चाचणी भयंकर नाजूक आहे. दोन फाइलींच्या पातळीत फक्त ०.१ डेसिबलचा फरक असला तरी मूळच्या ३९ डेसिबल खाली अख्खं गाणं कुजबुजत राहतं. एक फाइल एका सॅम्पलने सरकलेली असेल तर झांज, टाळ, ‘स’ आणि ‘श’ जवळजवळ पूर्ण ऐकू येतात. पॅन मध्यावर असूनही खालचे-वरचे सगळे आवाज सारखेच, मूळच्या साधारण दहा डेसिबल खाली उरत असतील तर तो तीनेक डेसिबलच्या फरकाचा पॅन लॉ, त्यावर लगेच येतो. कोरस, मॉड्युलेशन असलेला रिव्हर्ब, दर वेळी वेगळं सॅम्पल (इथे रेकॉर्ड केलेला ठोका) वाजवणारं तबल्याचं व्हीएसटी, म्हणजे सॉफ्टवेअर वाद्य, यापैकी काही असेल, तर त्याच सॉफ्टवेअरमधून दोनदा काढलेल्या फाइलीही एकमेकींना पुसणार नाहीत. म्हणून आधी एका सॉफ्टवेअरची त्याच्याशीच चाचणी घ्या. एमपीथ्री तर चाचणीत आणूच नका. ते फाइलीच्या सुरुवातीला थोडी रिकामी जागा घालतं.

आता फरक खरंच पडतो त्या जागा.

पहिला संशयित तुमच्याच घरात आहे. एफएलच्या काही टेम्प्लेटमध्ये, विशेषतः जुन्या आवृत्त्यांच्या, मास्टर ट्रॅकवर फ्रूटी लिमिटर (आवाज एका मर्यादेवर दाबणारं प्लगइन) आधीच बसवलेला असायचा. त्यावर तुम्ही गाणं रचलंत, तो दाबतोय हे लक्षात न येता पातळ्या चढवत गेलात, आणि स्टुडिओत ट्रॅक वेगळे उघडल्यावर तिथे तो लिमिटर नव्हता. साहजिकच गाणं मोकळं वाटलं. हे प्रोटूल्सचं कर्तृत्व नव्हे. मिक्सर उघडा आणि मास्टरवर काय आहे ते बघा. तुमच्या वर्णनावरून मला सगळ्यात दाट शंका याचीच आहे. गॅरेजबँडमध्ये याची उलटी गोष्ट दिसते: एक्स्पोर्ट करताना पातळी आपोआप चढवण्याचा पर्याय तिथे आहे, आणि तो चालू राहिला की फाइल प्रोजेक्टपेक्षा मोठी वाजते. अर्ध्या-एक डेसिबलने मोठं ते आपल्या कानाला मोठं वाटतच नाही, ते ‘चांगलं’ वाटतं.

दुसरी जागा पॅन लॉ. मोनो ट्रॅक मध्यावर असताना तो दोन्ही स्पीकरमधून येतो, म्हणून बाजूला असतानापेक्षा मोठा वाटू नये यासाठी सॉफ्टवेअर त्याची पातळी मध्यावर कमी करतं. किती, ते ज्याचं त्याने ठरवलंय. रीपर मुळात काहीच कमी करत नाही. प्रोटूल्स पूर्वी अडीच डेसिबल कमी करायचं, आता तीन. एबलटन मध्यावर हात लावत नाही, पण ट्रॅक पूर्ण डावी-उजवीकडे नेला की तीन डेसिबल चढवतं. आता बघा, तुमच्या अभंगात गायक, पखवाज आणि बेस मध्यावर. टाळ डावीकडे, कोरसचे आवाज दोन्ही कडांना. हेच फेडरचे आकडे एका सॉफ्टवेअरमधून वाचून दुसऱ्यात भरले तर गायक कोरसच्या तुलनेत तीन डेसिबल पुढे येईल किंवा मागे जाईल. तीन डेसिबल म्हणजे वेगळं मिक्सच. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हा लॉ प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये बदलता येतो. नव्या प्रोजेक्टच्या सुरुवातीला एकदा ठरवा आणि नंतर त्याला हात लावू नका.

तिसरी जागा मात्र खरीखुरी, आणि आपल्याकडच्या वाद्यांना सगळ्यात जास्त नडणारी: वेळ ताणणं आणि स्वर सरकवणं. इथे प्रत्येक सॉफ्टवेअरचं गणित वेगळं आहे. झेडप्लेन कंपनीचं ‘इलास्टिक’ नावाचं गणित रीपर, क्यूबेस, एफएल अशा अनेकांत आहे. प्रोटूल्सचं इलास्टिक ऑडिओ आणि लॉजिकचं फ्लेक्स टाइम त्यांचं स्वतःचं. तबल्याच्या चाटीचा ठोका ताणला की त्याच्या आधी हलकीशी फुसफुस येते आणि टोक बोथट होतं. डग्ग्याचा घुमारा थरथरायला लागतो. तानपुरा तर याला अजिबात दाद देत नाही. जवारीतून निघणारे वरचे स्वर सतत सरकत असतात, आणि ताणणारं गणित त्यांचे तुकडे करून जोडत जातं, त्यामुळे तानपुरा धुऊन काढल्यासारखा वाटतो. तानपुरा हवा त्या पट्टीतच नव्याने घ्या. ते शक्य नसेल तर टेप हळू-जलद केल्यासारखं, वेग आणि स्वर दोन्ही एकत्र बदलणारा मोड वापरा. तानपुऱ्याला ताल नसल्याने वेग बदलला तरी बिघडत नाही.

एबलटनबद्दल ‘आवाज बदलतो’ ही तक्रार अनेकदा इथूनच येते. लांब फाइली आपोआप वॉर्प करण्याचा, म्हणजे प्रोजेक्टच्या लयीला ताणून बसवण्याचा, पर्याय चालू असेल तर आणलेलं पूर्ण गाणं नकळत वॉर्प होतं, आणि कॉम्प्लेक्स किंवा कॉम्प्लेक्स प्रो मोडमध्ये तर वेग अजिबात बदलला नसला तरी सिग्नल जसाच्या तसा राहत नाही. हे एबलटनने स्वतःच्या मॅन्युअलमध्ये लिहून ठेवलंय. कुठल्या क्रियेने आवाज बदलतो आणि कुठल्या क्रियेने बदलत नाही याची सरळ यादीच आहे तिथे. इतक्या प्रामाणिकपणे लिहिलेलं प्रकरण मला दुसऱ्या कुणाच्या मॅन्युअलमध्ये सापडलेलं नाही. तुम्ही एबलटन वापरत नसलात तरी ते वाचा.

एफएलवाल्यांसाठी याच जातीची आणखी एक गोष्ट. एक्स्पोर्टच्या खिडकीत रीसॅम्पलिंगचा, म्हणजे पट्टी बदललेलं सॅम्पल किती बारकाईने मोजायचं याचा, पर्याय असतो. मूळ पट्टी सोडून वाजवलेलं सॅम्पल, म्हणजे काळी एकचं तबल्याचं सॅम्पल काळी चारला नेलेलं, लिनिअर या सगळ्यात साध्या पर्यायावर काढलं तर वरच्या भागात खरखर येते. ६४ पॉइंट सिंक हा त्याहून बारीक पर्याय पुष्कळ झाला. ५१२ वर ठेवून रात्रभर रेंडर करण्यात काही हशील नाही.

प्लगइनमुळे होणारा उशीर भरून काढण्याचं काम आज सगळीच सॉफ्टवेअर करतात. ते नव्हतं तेव्हा, म्हणजे २०१० मध्ये प्रोटूल्स ९ येईपर्यंत त्याच्या स्वस्त एलई आवृत्तीत, एकाच पखवाजाचा एक ट्रॅक कॉम्प्रेसरमधून आणि एक थेट असे दोन मिसळले की आवाज पोकळ व्हायचा. ‘अमुक सॉफ्टवेअर पातळ वाजतं’ ही त्या काळातली कुजबुज बरीचशी यातून आली असावी. डिदरचं म्हणाल तर २४ वरून १६ बिटवर येताना, सगळ्यात शेवटी, एकदाच. पुढे जाऊ.

काही सॉफ्टवेअर मुद्दाम रंग देतात, ती वेगळी जात आहे. हॅरिसन मिक्सबसमध्ये प्रत्येक बसवर (अनेक ट्रॅक एकत्र येतात त्या वाटेवर) टेपसारखं सॅच्युरेशन बसवलेलंच असतं; युनिव्हर्सल ऑडिओच्या लूनामध्ये आणि स्टुडिओ वनमध्ये कन्सोलसारखी बेरीज करणारे जोड मिळतात. तिथे फरक ऐकू येतो, यायलाच हवा. पण तोच फरक एका प्लगइनने कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये आणता येतो, त्यासाठी घर बदलायची गरज नाही. ‘लॉजिक गोड वाजतं’ म्हणणाऱ्यांचंही असंच: त्यांना आवडतात ते लॉजिकसोबत फुकट येणारे कॉम्प्रेसर आणि स्पेस डिझायनर. ते चांगलेच आहेत, पण ते प्लगइन आहेत, इंजिन नव्हे.

माझं म्हणणं असं, की सॉफ्टवेअर आवाज बदलतं ते तुमच्या हातून. कुठली गोष्ट करायला दोन क्लिक लागतात आणि कुठलीला दहा, यावर तुम्ही काय करता आणि काय सोडून देता हे ठरतं, आणि ते गाण्यात ऐकू येतं. म्हणून खरी तुलना कामाच्या पद्धतीची.

तुमच्या कामातलंच उदाहरण घेऊ. अभंग आहे, भजनी ठेका, गायक आणि पखवाजवाले समोरासमोर बसून, क्लिकशिवाय (कानातल्या ठरलेल्या ठोक्याशिवाय) गायलेत. हेच योग्य. क्लिकवर अभंग गायला की गजराला चढणारी लय मरते. सुरुवातीला मिनिटाला ७२ मात्रा असतील, तर शेवटच्या गजरात ९० च्या पुढे गेलेल्या असतात. आता यावर तुम्हाला बासरी, स्ट्रिंग्ज आणि बेस कीबोर्डवरून वाजवायचेत, आणि ते ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या मात्रांच्या रेघांवर, बसायला हवेत. म्हणजे गाणं ग्रिडवर ओढायचं नाही, ग्रिड गाण्यामागे न्यायची.

रीपरमध्ये मी हे हाताने करतो. पखवाजाचा ट्रॅक मोठा करून प्रत्येक समेचा ‘धा’ शोधायचा, समेपासून समेपर्यंत निवड करायची आणि त्या निवडीतून माप तयार करायची आज्ञा द्यायची. सॉफ्टवेअर तेवढ्या तुकड्याची लय स्वतः काढून टेम्पोची खूण ठेवतं. आठ मात्रांचं आवर्तन म्हणून चार-चारची दोन मापं. खुणा ठेवण्याआधी ऑडिओ ट्रॅकचा टाइमबेस सेकंदांवर ठेवायचा, नाहीतर प्रत्येक खुणेबरोबर रेकॉर्डिंगही सरकायला लागतं. पाच मिनिटांच्या अभंगाला थोडा वेळ जातो, पण नंतर मात्रेला मात्रा जुळते. दर मात्रेवर खूण ठेवायचा मोह टाळा. समेवरच ठेवा, मधली लवचीकता तशीच राहू द्या, नाहीतर स्ट्रिंग्ज पखवाजाच्या प्रत्येक झटक्यामागे धावायला लागतात.

क्यूबेसमध्ये टाइम वॉर्पचं हत्यार घेऊन ग्रिडची रेघच पकडून ठोक्यावर नेता येते, आणि हे काम त्याच्याइतकं हाताला कुठेच येत नाही. टेम्पो आपोआप शोधायची सोयही आहे, पण भजनी ठेक्यात ती अनेकदा दुप्पट किंवा निम्मी लय पकडते. दुरुस्ती तुम्हालाच करावी लागते. लॉजिकचं स्मार्ट टेम्पो २०१८ पासून आहे आणि साध्या ठेक्यावर छान चालतं. प्रोटूल्समध्ये बीट ओळखून खूण ठेवणं जुनंच आणि भरवशाचं. एफएलमध्ये हेच काम सगळ्यात जिकिरीचं आहे, कारण त्याची सगळी रचना ठरलेल्या लयीत पॅटर्न बांधण्याभोवती आहे. परिणाम काय होतो? एफएलवर काम करणारा माणूस नकळत गायकाला क्लिकवर गायला लावतो. मग अभंग सपाट वाटतो, आणि दोष ‘एफएलच्या आवाजाला’ मिळतो.

उलट बाजूही सांगायला हवी. पियानो रोलमध्ये एफएलला तोड नाही. झटपट जिंगल, ढोल-ताशाचा लूप, गणपतीत वाजणारं डीजे मिक्स, यासाठी मी कुणालाही एफएल सोडायला सांगणार नाही. आणि एकदा घेतलं की पुढच्या सगळ्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट, हे त्या बेल्जियन कंपनीने आजवर पाळलेलं आहे.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे टेक निवडणं. गायकाने अंतरा पाच वेळा गायला, त्यातली पहिली ओळ तिसऱ्या टेकची, ‘विठ्ठला’ची जागा पाचव्याची. लॉजिकमध्ये हे बोट फिरवून होतं. प्रोटूल्समध्ये प्लेलिस्ट उघडून, तुकडा निवडून वर पाठवायचा. सवय झालेला इंजिनिअर हे इतक्या वेगात करतो, की गायकाला थांबल्यासारखंच वाटत नाही. रीपरमध्ये २०२३ च्या सातव्या आवृत्तीपासून, एबलटनमध्ये २०२१ च्या अकराव्यापासून ही सोय नीट झाली. ती हाताशी असली की तुम्ही जास्त टेक घेता आणि चांगली जागा निवडता. नसली की ‘चालेल, ट्यून करून घेऊ’ म्हणता.

आणि ट्यूनिंगमध्ये आपल्या गाण्याचा खरा घात होतो. सूर दुरुस्त करणारी बहुतेक प्लगइन मुळात बारा स्वरांच्या पट्टीवर चालतात. गंधारावरून पंचमावर जाणारी मींड त्यांना मधल्या चुकीच्या स्वरांची रांग दिसते आणि ती पायऱ्या पाडतात. दरबारीतला आंदोलित गंधार तर पेटीतल्या कोमल गंधाराच्याही खाली असतो. प्लगइन त्याला उचलून ‘बरोबर’ करतं आणि राग संपतो. म्हणून आपोआप चालणारं काही न वापरता स्वर एकेक करून हाताने बघावेत: मेलोडाइन, क्यूबेसचं व्हेरीऑडिओ, लॉजिकचं फ्लेक्स पिच, एफएलचं न्यूटोन. यात मेलोडाइन मला सगळ्यात वरचं वाटतं, कारण त्यात स्वराचा मध्य, त्यातलं हलणं आणि एकातून दुसऱ्यात जाणं या तीन गोष्टी वेगवेगळ्या हाताळता येतात. मध्य दहा सेंट (एक सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) वर नेऊन आंदोलन तसंच ठेवता येतं. एआरए जोडणीमुळे ते रीपर, क्यूबेस, लॉजिक, स्टुडिओ वन आणि आता प्रोटूल्समध्येही थेट ट्रॅकच्या आत उघडतं, ट्रॅक वाजवून आत भरत बसावं लागत नाही. तुमचं काम मुख्यतः गायकीचं असेल तर सॉफ्टवेअर निवडताना माझ्या मते बिटच्या आकड्यांपेक्षा याला जास्त वजन द्यावं.

त्याला लागूनच पट्टीचा मुद्दा. जुन्या पेट्या बहुतेक वेळा ४४० हर्ट्झला, म्हणजे सॉफ्टवेअर वाद्यांच्या ठरलेल्या पट्टीला, जुळलेल्या नसतात. गायक त्या पेटीवर गायला, तबला त्याला लावला, आणि मग तुम्ही ४४० च्या स्ट्रिंग्ज घातल्यात तर सगळंच किंचित बेसूर आणि धूसर वाटतं. ‘मिक्स मोकळं होत नाही’ या तक्रारीमागे कधीकधी एवढंच असतं. लॉजिकमध्ये प्रोजेक्टचंच ट्यूनिंग बदलता येतं. इतरत्र प्रत्येक व्हीएसटीत जाऊन सेंटचा आकडा बदला, पण पेटीला हात लावू नका.

रेकॉर्डिंगच्या वेळचा उशीर हाही कामाच्या पद्धतीचाच भाग. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो तुकडा) म्हणजे २.७ मिलिसेकंद; १०२४ चा म्हणजे २१, आणि तो जाताना एकदा, येताना एकदा. गायकाला स्वतःचा आवाज ४० मिलिसेकंद उशिरा ऐकू आला की तो मागे रेलून गातो, आणि तुम्हाला वाटतं आज लय जमत नाहीये. इंटरफेसचं थेट मॉनिटरिंग वापरा, किंवा रेकॉर्ड करताना मास्टरवरचे लुकअहेड असलेले, म्हणजे पुढचा आवाज आधी बघायला थांबणारे, लिमिटर बंद ठेवा. लॉजिकमध्ये यासाठी लो लेटन्सीचं एक बटण आहे. एचडीएक्स कार्डवरच्या प्रोटूल्सला हा प्रश्न जवळपास पडतच नाही, म्हणून मोठ्या स्टुडिओंनी ते सोडलेलं नाही.

सिनेमा, मालिका, डबिंग यांकडे वळायचं असेल तर मात्र गोष्ट बदलते. मुंबईत ते जग प्रोटूल्स आणि न्यूएंडोचं आहे, आणि कारण आवाजाचं नाही, देवाणघेवाणीचं आहे. एडिटरकडून एएएफ (एडिट एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेणारी फाइल) येतं, त्यात प्रत्येक कट, फेड आणि मूळ फाइलीचे हँडल, म्हणजे कटच्या पलीकडचे जास्तीचे तुकडे, असतात. डायलॉग, फोली (पावलं, दार असे पूरक आवाज), म्युझिक वेगवेगळ्या टेबलांवर चालतं आणि शेवटी एकत्र येतं. रीपर हे एएएफ थेट उघडत नाही, मध्ये दुसरं सॉफ्टवेअर घालावं लागतं. एफएल आणि एबलटन यांनी त्या वाटेला जाऊच नये.

मग तुम्ही काय करावं? मास्टरवरचा लिमिटर, पॅन आणि रीसॅम्पलिंग आधी तपासा. दबलेपणाची तक्रार बहुधा तिथेच मिटेल. रचना एफएलमध्येच करत राहा. गायन-वादनाचं रेकॉर्डिंग, टेम्पोची ग्रिड आणि मिक्स यासाठी जोडीला रीपर घ्या. साठ दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं, छोट्या कमाईवाल्यांना परवाना ६० डॉलरला आहे, आणि तो पुढच्या मोठ्या आवृत्तीलाही चालतो. त्याचं रूप रुक्ष आहे आणि सोबत वाद्यं जवळपास नाहीत, पण वाद्यं तुमच्याकडे एफएलमध्ये आहेतच. घरात मॅक असेल तर रीपरऐवजी लॉजिक, डोळे मिटून. त्या किमतीत एवढी वाद्यं आणि रिव्हर्ब कुणी देत नाही. वर्गणी भरून प्रोटूल्स घेण्याचं कारण आज तुमच्या कामात मला दिसत नाही. हात बसवायचा असेल तर त्याची फुकट इंट्रो आवृत्ती आठ ऑडिओ ट्रॅकपर्यंत चालते, तीवर शॉर्टकट शिकून ठेवा.

राहिला स्टुडिओ मागतो त्या सेशनचा प्रश्न. डीएडब्ल्यूप्रोजेक्ट नावाचा एक खुला फॉरमॅट २०२३ मध्ये बिटविग आणि स्टुडिओ वनने आणला, क्यूबेसनेही तो घेतला, पण प्रोटूल्सच्या दारात त्याचा उपयोग नाही. तुम्ही स्टेम द्या. प्रत्येक ट्रॅक वेगळा, सगळे एकाच बिंदूपासून सुरू होणारे, मध्ये शांतता असली तरी पूर्ण लांबीचे. ४८ किलोहर्ट्झ किंवा प्रोजेक्टचा जो मूळ दर असेल तो, २४ बिट वेव्ह. मोनो वाद्य मोनोच काढा. पखवाजाचा एक माइक स्टिरिओ फाइलीत पाठवला की पॅन लॉचा घोळ पुन्हा सुरू. मास्टरवरचं सगळं बंद. गायकाचा ट्रॅक दोनदा द्या, एक कोरडा आणि एक तुमच्या रिव्हर्बसह, म्हणजे तुमच्या मनात काय होतं ते मिक्स करणाऱ्याला कळेल. फाइलींची नावं रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता. टेम्पोची ग्रिड असलेली एक मिडी फाइल सोबत जोडा, नाहीतर त्यांचा डिले तुमच्या गजरात तालाबाहेर पडेल. आणि तुमचं स्वतःचं कच्चं मिक्स, लिमिटरसकट, शेजारी ठेवा. त्याच्याशी तुलना करताना पातळी सारखी करून घ्या, असं त्यांना फोन करून सांगा.